सल्लागार समितीवरील अशासकीय सदस्यांचा प्रवासभत्ता व दैनिक भत्ता : नेमणुकीचा आदेश कसा वाचावा?

नाशिकरोडचे_गुरुजी

मंडळी, नमस्कार.

गेली चार वर्षे मी केंद्र शासनाच्या एका मंत्रालयाने नेमलेल्या सल्लागार समितीवर अशासकीय सदस्य आहे. निवृत्त शिक्षक असल्याने हाताशी वेळ आहे, विषयाची आवड आहे आणि बोलावणे आले की जावे असे मनापासून वाटते. बैठका बहुतेक मुंबईत होतात, एखादी दिल्लीला होते. आजवर नऊ बैठकांना हजर राहिलो. त्यांपैकी पाच बैठकांचे भत्ते मिळाले, तीन देयके आक्षेप काढून परत आली आणि एक देयक कोणत्या टेबलावर आहे हे दोन पत्रे पाठवूनही समजलेले नाही. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकाच कार्यालयाचे दुखणे नव्हे. आम्हा सदस्यांना नियम ठाऊक नसतात, ते कोणी आपण होऊन सांगत नाही, आणि आपणही संकोचामुळे विचारत नाही. पैशाचे विचारले तर समोरचा काय म्हणेल, हा तो संकोच. नाशिक जिल्ह्यातले बरेच जण अशा समित्यांवर आहेत, म्हणून मला जे कळले ते येथे मांडतो आणि जाणकारांनी भर घालावी अशी विनंती करतो.

परत आलेल्या तीन देयकांपैकी एक आत्ता माझ्यासमोर आहे. त्या वेळी मी पुण्याला मुलीकडे गेलो होतो, तेथूनच मुंबईच्या बैठकीला गेलो आणि बैठक संपल्यावर पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडला परतलो. दोन्ही तिकिटे जोडली, बेरीज केली, सही करून पाठवले. देयक सात आठवड्यांनी परत आले तेव्हा समासात लाल शाईने एवढेच लिहिलेले होते की निवासस्थान नाशिक, प्रवास पुण्याहून. मला वाटले, माझ्यावर संशय घेतला. पुढे नियम वाचला तेव्हा लक्षात आले की कारकुनाचे म्हणणे बरोबर होते. केंद्राच्या समित्यांना लागू असलेल्या नियमांप्रमाणे सदस्याने आपले कायमचे निवासस्थान आधी कळवायचे असते आणि भत्ता त्या ठिकाणापासून बैठकीपर्यंतच्या व परतीच्या प्रवासाचा मिळतो. सदस्य दुसऱ्याच गावाहून आला किंवा बैठकीनंतर दुसऱ्याच गावी गेला, तर प्रत्यक्ष प्रवासाचे अंतर आणि निवासस्थानापासूनचे अंतर यांपैकी जे कमी असेल तेच धरले जाते. पुणे ते मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटर, नाशिकरोड ते मुंबई त्याहून चार-पाच किलोमीटर कमी. एवढ्या फरकासाठी देयक परत आले. मी अर्जात एक ओळ लिहिली असती की पुण्याहून आलो, मात्र भत्ता नाशिकरोडपासून धरावा, तर ते त्याच दिवशी पुढे गेले असते.

दुसरे देयक मुदतीमुळे अडकले. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये दौऱ्याचे प्रवासभत्ता देयक सादर करण्याची मुदत एक वर्षावरून प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आणली. मी जुन्या माहितीवर विसंबून तीन बैठका एकत्र करून पाठवीत होतो. तिसऱ्या देयकाला प्रमाणपत्रच जोडलेले नव्हते. ह्याच प्रवासासाठी आणि ह्याच मुक्कामासाठी मी अन्य कोणत्याही शासकीय स्रोतातून प्रवासभत्ता किंवा दैनिक भत्ता घेतलेला नाही, अशा अर्थाचे ते एका वाक्याचे प्रमाणपत्र असते. त्याशिवाय भत्ता अनुज्ञेय, म्हणजे नियमाने देय, होत नाही. एकाच मुंबईफेरीत दोन समित्यांच्या बैठका उरकणारे सदस्य असतात, त्यामुळे ही अट योग्यच आहे.

आता दैनिक भत्त्याविषयी. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने १३ जुलै २०१७ रोजी प्रवासभत्त्याचे सुधारित आदेश काढले आणि त्यांत निवास, शहरांतर्गत प्रवास व भोजन असे तीन वेगळे भाग केले. माझ्या नेमणुकीच्या आदेशात मला वेतनस्तर १२ च्या अधिकाऱ्याइतके भत्ते मिळतील असे म्हटले आहे. त्या स्तराला रेल्वेचा वातानुकूलित प्रथम वर्ग किंवा विमानाचा साधा वर्ग, निवासासाठी दिवसाला ४५०० रुपयांपर्यंतची प्रतिपूर्ती, शहरात ५० किलोमीटरपर्यंत विनावातानुकूलित टॅक्सी आणि भोजनासाठी १००० रुपये, असे मूळ दर आहेत. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या रकमा २५ टक्क्यांनी वाढाव्यात अशी तरतूद त्याच आदेशात आहे, म्हणून देयक भरताना चालू दर विचारून घ्यावा. भोजनाच्या रकमेला पावती लागत नाही, परंतु ती तासांवर मोजतात. मध्यरात्र ते मध्यरात्र असा एक दिवस धरायचा. त्या दिवशी घराबाहेर सहा तासांपेक्षा कमी असाल तर ३० टक्के, सहा ते बारा तास असाल तर ७० टक्के, बारा तासांपेक्षा जास्त असाल तर पूर्ण. मी दिल्लीच्या बैठकीला संध्याकाळच्या राजधानीने जातो. साडेपाचला घर सोडले तर पहिल्या दिवशी साडेसहा तास, म्हणजे ७०० रुपये. दुसरा दिवस पूर्ण, १००० रुपये. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला घरी पोहोचलो तर नऊ तास, पुन्हा ७०० रुपये. एकूण २४०० रुपये. मी पहिल्या वर्षी फक्त बैठकीच्या दिवसाचे १००० रुपये मागत होतो. कमी मागितले म्हणून कोणी दुरुस्त करून दिले नाही.

राज्य शासनाच्या समित्यांचा अनुभव मला नाही. तेथे काय पद्धत आहे हे कोणी सांगू शकेल का?

जमाखर्च

गुरुजी, धागा फार आवश्यक होता. मी ३१ वर्षे राज्य शासनाच्या लेखा शाखांमध्ये काढली, त्यातली अकरा नाशिकमध्ये. अशा देयकांवर लाल शाईने लिहिणारा मीही होतो, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

सर्वांत आधी हे पाहावे की नेमणूक कोणी केली. केंद्राच्या समितीचे दर राज्याच्या समितीला लागत नाहीत आणि राज्याचे केंद्राला लागत नाहीत. पुष्कळ सदस्य वर दिलेल्यासारखे आकडे वाचून जिल्ह्याच्या कार्यालयात येतात आणि वाद घालतात. त्यात दोघांचाही वेळ जातो. राज्यात सेवाविषयक बहुतेक नियम १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत आले, परंतु प्रवासभत्त्यासाठी आजही मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ उघडावे लागतात. समित्यांच्या शासन निर्णयांत या नियमांच्या परिशिष्ट ४२ चा उल्लेख येतो तो अशासकीय सदस्यांसाठीच. दर मात्र वित्त विभागाच्या वेळोवेळीच्या शासन निर्णयांनी ठरतात.

शासन निर्णय हातात आला की बहुतेक सदस्य स्वतःचे नाव कोठे आहे ते पाहतात आणि कागद ठेवून देतात. माझा आग्रह असा की नावानंतर शेवटची दोन पाने वाचावीत. तेथे एक परिच्छेद असतो की अशासकीय सदस्यांना अमुक नियमानुसार प्रवासभत्ता व दैनिक भत्ता अनुज्ञेय राहील, आणि त्यापुढे असे की हा खर्च अमुक मागणी क्रमांक, अमुक लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले खर्चाचे खाते), ११ देशांतर्गत प्रवास खर्च या उद्दिष्टाखालील तरतुदीतून भागवावा. ह्या दोन वाक्यांत तुमचा सगळा हक्क सामावलेला आहे. पहिले वाक्य आहे आणि दुसरे नाही, असे निर्णय मी कितीतरी पाहिले. अशा वेळी भत्ता अनुज्ञेय असतो, पण तो कोणत्या तरतुदीतून द्यायचा हे आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयाच्या वतीने कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्याला, ठाऊक नसते. तो वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवतो आणि नस्ती, म्हणजे फाइल, थांबते. तेथे कोणाच्या मनात खोट नसते. लेखाशीर्षाशिवाय देयक कोषागारात जाऊच शकत नाही. तरतूद बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर आलेली नसेल तरीही जाऊ शकत नाही. म्हणून निर्णयात लेखाशीर्ष दिसले नाही, तर पहिल्या बैठकीच्या आधीच सदस्य सचिवांना लेखी विचारावे. पहिल्या बैठकीआधी विचारलेला प्रश्न सूचना म्हणून घेतला जातो. चौथ्या बैठकीनंतर तोच प्रश्न तक्रार ठरतो.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. शासकीय कर्मचाऱ्याचा तपशील वेतनाच्या सेवार्थ प्रणालीत असतो, तुमचा नसतो. त्यामुळे प्रत्येक देयकाबरोबर खाते क्रमांक, शाखेचा संकेतांक आणि रद्द केलेला धनादेश जोडावा, आणि खात्यावरचे नाव नेमणुकीच्या आदेशातील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. एका ज्येष्ठ सदस्यांचे आदेशात टोपणनाव छापले गेले होते. त्यांची रक्कम दोनदा परत गेली आणि शेवटी शुद्धिपत्रक काढावे लागले, ज्याला मंत्रालयातून पाच महिने लागले.

तिसरी गोष्ट उपस्थितीची. हजेरीपटावर सही करून निघून येऊ नये. उपस्थिती प्रमाणपत्र त्याच दिवशी, बैठक संपताच मागून घ्यावे. इतिवृत्त मंजूर व्हायला पुढची बैठक उजाडते, आणि इतिवृत्त आल्याशिवाय देयक घेणार नाही असे म्हणणारी कार्यालये आहेत.

आणि तिकीट. एसटीच्या यंत्रातून निघणारे तिकीट उष्णतेच्या कागदावर छापलेले असते. खिशात घामाने, पाकिटात उन्हाने, दोन-तीन महिन्यांत ते कोरे होते. मी कोरी तिकिटे जोडलेली देयके पाहिली आहेत. सदस्य शपथेवर सांगत असे की याच्यावर भाडे छापलेले होते, आणि मला ते खरे वाटत असूनही मंजूर करता येत नव्हते. प्रवासाच्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी आणि मूळ तिकिटाबरोबर जोडावी.

सुरगाण्याची_लेक

जमाखर्च काका, तुमच्या तिकिटाच्या मुद्द्यावरून लिहावेसे वाटले. मी एका जिल्हास्तरीय समितीवर महिला सदस्य आहे. सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत जीपने यायचे, तेथून सुरगाणा गाठायचे आणि वणी-दिंडोरीमार्गे एसटीने नाशिकला यायचे. अकराची बैठक असेल तर पहाटे पाचला घर सोडावे लागते. बैठक कधी साडेबाराला सुरू होते. शेवटची गाडी चुकली तर नाशिकला नातेवाइकांकडे राहावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचते. त्या दोन दिवसांची मजुरी बुडते, ती तर कोणत्याच नियमात बसत नाही.

आता माझे प्रश्न. जीपवाला पावती देत नाही, कधीच देणार नाही. त्या भाड्याचे काय करायचे? दुसरे, १७ मार्च २०२३ पासून आम्हा महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मागच्या वेळी देयक भरताना कार्यालयातल्या एका भाऊंनी पूर्ण भाडे लिहा म्हणून सांगितले, कारण नियमात बसभाडे असे लिहिले आहे. मला ते बरोबर वाटले नाही, म्हणून मी अर्धेच लिहिले. मी चुकले का? तिसरे, आमच्या समितीतले एक आजोबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. त्यांनी प्रवासभत्ता मागूच नये असे त्यांना सांगण्यात आले.

आणखी एक सांगते. पहिल्या वर्षी आमच्या समितीत तालुक्यातून येणाऱ्या चार बाया होत्या. आता मी एकटी आहे. बाकीच्या तिघींनी राजीनामा दिलेला नाही, नुसते येणे थांबवले. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे अनुपस्थित असे येते. का येत नाहीत, हे कोणी विचारलेले नाही. आधी खिशातून खर्च करायचा आणि मग सहा महिने वाट पाहायची, हे ज्याच्या घरी महिन्याचे धान्य रोखीने आणायचे असते त्याला जमत नाही.

जमाखर्च

ताई, अर्धे तिकीट लिहिलेत ते योग्यच केलेत. जो खर्च झालाच नाही तो मागू नये. तिकिटावर जेवढी रक्कम तेवढीच देयकात, म्हणजे लेखापरीक्षणात कधीही कोणी बोट ठेवू शकत नाही. त्या भाऊंचा हेतू चांगला असेल, परंतु वसुली निघाली असती तर ती तुमच्या नावाने निघाली असती.

आजोबांना चुकीचे सांगितले आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत असला तरी वाहक त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो. ते तिकीट जपून ठेवावे, कारण ते प्रवास केल्याचा पुरावा आहे. भाडे शून्य असेल म्हणून दैनिक भत्ता शून्य होत नाही. प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जाण्यायेण्याचा, दुसरा बाहेर राहिल्यामुळे होणाऱ्या खर्चाचा. आजोबांनी दैनिक भत्त्याचे देयक अवश्य भरावे.

जीपच्या भाड्यासाठी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र द्यावे. त्यात तारीख, कोठून कोठे, किती अंतर, किती भाडे, आणि त्या मार्गावर त्या वेळी एसटी नाही हे स्पष्ट लिहावे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. मंजूर करायचे की नाही हा नियंत्रक अधिकाऱ्याचा निर्णय असतो, पण कारण लिहिलेले असले की त्याला मंजूर करायला आधार मिळतो. कारण न लिहिता नुसती रक्कम लिहिली तर प्रामाणिक अधिकारीही ती कापतो.

सेवाभावी

मी थोडे वेगळे मत मांडतो, कोणी गैरसमज करून घेऊ नये. शासनाने आपल्याला सल्ला विचारला हा मान आहे. मी वीस वर्षे वेगवेगळ्या समित्यांवर आहे आणि आजवर एक रुपयाही घेतलेला नाही. मानद काम मानद राहावे. भत्त्यांची चर्चा सुरू झाली की समितीवर भत्त्यासाठी येणारे लोक वाढतात, हेही आपण पाहिलेले आहे.

वकील_पंचवटी

सेवाभावी सर, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, कारण ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे.

मानधन आणि भत्ता ह्यांत कायदा फरक करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ प्रमाणे लाभाचे पद धारण करणारा खासदार किंवा आमदार अपात्र ठरतो. मग समित्यांवरच्या लोकप्रतिनिधींचे काय, असा प्रश्न आला तेव्हा संसदेने १९५९ मध्ये अनर्हता प्रतिबंधक कायदा केला. त्यात दैनिक भत्ता, वाहन भत्ता, घरभाडे भत्ता आणि प्रवासभत्ता यांची व्याख्याच अशी केली आहे की पदाची कामे पार पाडताना झालेला खर्च भरून निघावा म्हणून दिलेली रक्कम, आणि त्यातही दैनिक भत्ता खासदाराला मिळणाऱ्या दैनिक भत्त्यापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे भत्ता हा लाभ नाही, झालेल्या खर्चाची भरपाई आहे, असे संसदेनेच सांगितले. याउलट जया बच्चन यांच्या प्रकरणात त्या उत्तर प्रदेशातील चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि त्या पदाला दरमहा ५००० रुपये मानधन व इतर सुविधा होत्या. त्यांनी ते पैसे घेतले नव्हते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की प्रत्यक्ष घेतले की नाही हा प्रश्न नाही. पदातून लाभ मिळू शकतो का हा प्रश्न आहे. ह्या निकालातून आपल्यासारख्यांनी घ्यायचा बोध एवढाच की मानधनाकडे कायदा संशयाने पाहतो, भत्त्याकडे तसे पाहत नाही.

तुम्ही भत्ता घेत नाही हा तुमचा मोठेपणा आहे. परंतु तुम्ही न घेता जाऊ शकता याचे एक कारण असे की तुम्हाला ते परवडते. सुरगाण्याच्या ताईंच्या तीन मैत्रिणींना ते परवडले नाही आणि आज त्या समितीत नाहीत. भत्ता बंद केला तर समितीवर फक्त शहरातले आणि सुस्थितीतले लोक उरतील, आणि मग सल्लाही त्यांचाच जाईल. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालच्या सल्लागार समितीत तीन सामाजिक कार्यकर्ते असावेत आणि त्यांत महिला संघटनेची किमान एक प्रतिनिधी असावी असे कायदा सांगतो. त्या समितीच्या दोन बैठकांमधले अंतर ६० दिवसांपेक्षा जास्त नसावे असेही नियमात आहे. म्हणजे वर्षाला किमान सहा फेऱ्या. त्या फेऱ्यांचा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर दिल्याशिवाय ती प्रतिनिधी कागदावरच राहते.

आता विलंबाविषयी. राज्यात २००५ चा एक कायदा आहे, ज्याचे नाव बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असे लांबलचक आहे. लोकांना त्यातला बदल्यांचा भाग माहीत असतो. त्याच्याच कलम १० मध्ये असे आहे की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये, आणि ज्या नस्तीला दुसऱ्या विभागाकडे जावे लागत नाही तिच्यावर ४५ दिवसांत निर्णय व्हावा. प्रवासभत्त्याचे देयक बहुतेक वेळा दुसऱ्या विभागाकडे जात नाही. स्मरणपत्र लिहिताना ह्या कलमाचा उल्लेख करावा, भाषा सौम्य ठेवावी, आणि देयकाचा आवक क्रमांक (कार्यालय पोच देताना टाकते तो) व तारीख न चुकता लिहावी.

भत्ते लवकर देता येतात याचा दाखलाही आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ च्या नियम ११ प्रमाणे पीडित व साक्षीदार यांना तपासासाठी किंवा सुनावणीसाठी येण्याजाण्याचे भाडे, दैनिक भत्ता वगैरे लगेच किंवा जास्तीत जास्त तीन दिवसांत द्यायचे आहे. ज्याला खिशातून खर्च परवडत नाही त्याच्यासाठी मुदत घालून द्यावी लागते, हे तेथे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते.

सेवाभावी

वकीलसाहेब, तीन मैत्रिणींचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी मत बदलतो आहे असे नाही, मी स्वतः घेणार नाहीच. पण घेऊ नये असे दुसऱ्यांना सांगणार नाही.

कॉलेजरोड_४२२००५

एक लहान शंका. मी नाशिक शहरातच राहतो आणि समितीची बैठकही नाशिकमध्येच होते. मला काही मिळते का?

नाशिकरोडचे_गुरुजी

केंद्राच्या समितीत स्थानिक सदस्याला प्रवासभत्ता किंवा दैनिक भत्ता मिळत नाही, फक्त येण्याजाण्याच्या वाहनाचा प्रत्यक्ष खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. तुमची समिती राज्याची असेल तर जमाखर्च काकांनी सांगितल्याप्रमाणे आदेशाचे शेवटचे पान पाहा.

जमाखर्च

एक राहिलेच. जानेवारी ते मार्च या काळात बैठक झाली तर देयक त्याच आठवड्यात द्यावे. मार्चअखेरीस तरतूद संपलेली असते, आणि शिल्लक असली तरी कोषागारात इतकी गर्दी असते की लहान रकमेची देयके मागे पडतात. मग एप्रिलमध्ये नवी तरतूद येईपर्यंत थांबावे लागते, आणि प्रवास खर्चाच्या उद्दिष्टाखाली सुरुवातीला येणारा निधी फार थोडा असतो.

आपली समिती कोणत्या कार्यालयाशी जोडलेली आहे आणि इतिवृत्त कोठे मिळेल हे माहीत नसेल, तर माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ पाहावे. सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळांची, परिषदांची आणि समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का, हे प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. अर्ज करण्याची वेळ येऊ नये, हा त्या कलमाचा हेतू आहे.

नाशिकरोडचे_गुरुजी

मंडळी, तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे.

पुण्याच्या प्रवासाचे देयक मी नव्याने भरून पाठवले. सोबत अर्ज जोडला की भत्ता नाशिकरोडपासून धरावा. ते मंजूर झाल्याचे पत्र काल आले. ६० दिवसांत न बसलेले देयक गेले ते गेलेच, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. न सापडणाऱ्या देयकाचा आवक क्रमांक विचारणारे पत्र मी दिले, तेव्हा समजले की ते मिळालेच नव्हते. मी बैठकीच्या ठिकाणी एका शिपायाच्या हाती दिले होते आणि पोच घेतली नव्हती. त्या दिवसाच्या तिकिटाची झेरॉक्स माझ्याकडे नाही. मूळ तिकीट देयकाबरोबरच गेले.

गेल्या आठवड्यातल्या बैठकीत मी अध्यक्षांच्या परवानगीने विषय मांडला की नव्या सदस्यांना नेमणुकीच्या पत्राबरोबरच देयकाचा कोरा नमुना, प्रमाणपत्राचा मसुदा आणि चालू दरांचे एक पान द्यावे. सदस्य सचिवांनी ते लगेच मान्य केले. त्यांनी असेही सांगितले की आजवर कोणी मागितलेच नव्हते.

सुरगाण्याची_लेक

गुरुजी, तुमचे वाचून मीही आमच्या बैठकीच्या आधी सदस्य सचिवांना पत्र दिले. दोन विनंत्या केल्या. तालुक्यातून येणारे सदस्य असतील तेव्हा बैठक दुपारी एकला ठेवावी, आणि उपस्थिती प्रमाणपत्र जागेवरच द्यावे. मॅडमनी पत्र वाचून दाखवले. बैठकीची वेळ पुढच्या वेळेपासून एक वाजताची झाली आहे आणि ते इतिवृत्तात येणार आहे. प्रमाणपत्रे मात्र त्यांनी त्याच दिवशी सर्वांना सही-शिक्क्यानिशी दिली. जीपचे स्वयंघोषणापत्र मी काकांनी सांगितले तसे लिहिले, त्या वेळी एसटी नाही हे वाक्य घातले, आणि देयकाची पोच घेतली. आजोबांचे शून्य रकमेचे तिकीट त्यांच्या देयकाला मीच टाचणीने लावून दिले.

परवा बाजारच्या दिवशी तिघींपैकी दोघी भेटल्या. त्यांना एक वाजताची वेळ सांगितली. एकीने विचारले, पैसे खरेच खात्यावर येतात का? मी म्हटले, माझे आले की तुला पासबुक दाखवते. ते आले की येथे लिहीन.

जमाखर्च

ताई, आवक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे. दिवस भरले आणि रक्कम आली नाही, तर येथे कळवा. स्मरणपत्राचा मसुदा मी करून देतो.